दुसऱ्यांच्या वाट्या

अगं, जवळ सरक जरा. एवढ्या लांबून वाचलंस तर मला ओरडून लिहावं लागेल, आणि माझं अक्षर आधीच ढोबळं आहे. हां, अशी बस. आता ऐकून घे. तुझ्या आईचा फोन आला होता. म्हणाली, कॉलेजात सुट्टीत संशोधन करायची संधी आलीये, विज्ञानाच्या मुलांना, यंत्रं शिकणाऱ्यांना, समाजशास्त्रवाल्यांना, सगळ्यांना. आणि आमच्या बाईसाहेब म्हणतायत की ते हुशार मुलांचं काम, मी पदवी हातात आल्यावर बघीन. वा गं वा. पदवी हातात आल्यावर तू नोकरी बघशील, नाहीतर तुझी आई स्थळं बघेल. संशोधन कोण बघणार आहे तेव्हा? आणि हुशार मुलांचंच काम असतं ते, तर तुझ्या या आत्याआजीला कुणी करू दिलं असतं का?

तुला कुणी सांगितलंच नसेल. मी बी.ए.ला असताना संशोधन केलेलं आहे. त्याने जगाच्या ज्ञानात काय भर पडली ते विचारू नकोस. पण त्याच्यापायी माझी जिवाभावाची शेजारीण माझ्या हातून जायची वेळ आली होती. ती राहते की जाते या धाकधुकीत मी एक आख्खा पावसाळा काढला. तेच सांगते तुला.

नव्वदीची सुरुवात असेल. आम्ही तेव्हा सिल्वासात खडोलीच्या रस्त्याला एका चाळीत राहायचो. चाळ म्हणजे एका ओळीत खोल्या, पुढे सगळ्यांचा मिळून एक ओटा, मागे मोऱ्या आणि टोकाला हातपंप. आमचे हे सुताच्या कारखान्यात मशीनवर होते. चाळीत निम्मे लोक आमच्यासारखे धुळे-नंदुरबारकडून आलेले, काही डहाणू-पालघरकडचे, अगदी टोकाच्या खोलीत एक गुजराती म्हातारी, जिला सगळे बा म्हणायचे, आणि मधल्या खोल्यांत हिंदी बोलणारे, जे येत-जात राहायचे. त्यामुळे माझी भाषा अशी होऊन बसली होती की माहेरी गेले की आई विचारायची, बाई, तुला आम्ही नेमकी कोणत्या मुलखात दिली?

माझ्या भिंतीला भिंत लागून राहायची ती डहाणूकडची. माझ्याहून लहान, अंगाने बारीक आणि बोलायला कमी. शेजारीण कमी बोलणारी असली की माझ्यासारखीचं किती चांगलं चालतं ते तुला आता कळणार नाही. तिचा नवरा कंत्राटावर होता. काम असलं तर असायचं, नसलं तर आठवडा आठवडा ओट्यावर बसून असायचा. ती मला वयनी म्हणायची. वाटी घेऊन दारात उभी राहायची आणि मी विचारेपर्यंत काही बोलायची नाही. मग हळूच, "वयनी, जरा हळद." कधी मूठभर तांदूळ, कधी तेल. आणि तिच्याकडे गेलेली माझी वाटी परत यायची ती कधीही रिकामी नाही. शेवग्याची पानं असायची, नाहीतर दोन सुके बोंबील, आणि घरात काहीच नसलं तर साखरेचे चार दाणे. भांडं रिकामं परत करायचं नाही, हे त्या चाळीत सगळ्या मुलखांच्या बायकांना मान्य होतं. बाकी कशावर आमचं एकमत झाल्याचं मला आठवत नाही. हातपंपाला नंबर कसा लावायचा यावरही झालं नाही.

आता माझ्या शिक्षणाचं. शाळा माझी आठवीत सुटली. पुढचं सगळं मी रद्दीतून शिकले. जे छापलेलं हाताला लागेल ते वाचायचं, कळलं नाही तर दुसऱ्यांदा वाचायचं, तरी कळलं नाही तर कळलं म्हणायचं. मग कुणीतरी सांगितलं की टपालाने पुस्तकं मागवून घरबसल्या बी.ए. करता येतं, आधी एक पात्रता परीक्षा दिली की झालं. मी दिली. पास झाले. आणि पास झाल्याबरोबर डोक्यात हवा गेली. अंबाड्यात पेन खोचून मी हातपंपावर पाणी भरायला जायचे. पाणी भरताना पेनाचं काय काम, असं कुणी विचारलं नाही, हा त्या बायकांचा चांगुलपणा.

दर रविवारी आमचे तास असायचे, महाराष्ट्राच्या हद्दीतल्या एका कॉलेजात. बसने जायचं, दोन राज्यांतून. तिथे समाजशास्त्राला एक मॅडम होत्या, माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाच्या. त्या मला काकू म्हणायच्या आणि मी त्यांना मॅडम. तिसऱ्या वर्षाला असताना फळ्यावर नोटीस लागली. ज्यांची इच्छा असेल त्यांनी एका पेपरऐवजी छोटं संशोधन करावं, शिक्षक मदत करतील, आणि आपल्या केंद्रातून जे काम निवडलं जाईल ते विद्यापीठाच्या मोठ्या सभेत ज्याचं त्याने माइकवर वाचायचं. माइक हा शब्द मी वाचला आणि बाकीची नोटीस मला दिसेनाशी झाली. मी, आठवी सोडलेली, माइकवर. त्या रात्री ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "तुला माइक कशाला पाहिजे? तू पंपावर बोलते ते मले कंपनीत ऐकू येऊन राहिलं."

कॉलेजातली नेहमीची मुलंही करत होती संशोधन. बी.एस्सी.ची एक मुलगी कारखान्यांजवळच्या विहिरींचं पाणी बाटल्यांत भरून आणायची आणि त्यात काय काय सापडतं ते तपासायची. एका मुलाने पत्र्याची सूर्यचूल केली होती. तो सकाळी तिच्यात तांदूळ लावून ग्रंथालयात जाऊन बसायचा आणि दुपारी येऊन ते निदान भिजले तरी आहेत का बघायचा. आणि समाजशास्त्राकडून मी.

मी विषय लिहून नेला: ‘भारतीय स्त्री: काल, आज आणि उद्या’. मॅडमनी तो वाचला. हसल्या नाहीत, हे विशेष. म्हणाल्या, "काकू, कालचं राहू द्या, उद्याचंही राहू द्या. आज सकाळी तुमच्या ओट्यावर काय झालं तेवढं सांगा."

"आज काहीच झालं नाही, मॅडम. नेहमीसारखं उसनंपासनं."

"म्हणजे काय काय?"

मी म्हटलं, आमच्या चाळीत वाट्या फिरतात. माझ्या फळीवर माझ्या स्वतःच्या वाट्या थोड्या आणि दुसऱ्यांच्याच जास्त. प्रत्येकीवर नाव घातलेलं असतं म्हणून कळतं तरी, नाहीतर कुणाचं काय हे देवाला ठाऊक. मॅडमनी हातातला पेन खाली ठेवला. म्हणाल्या, "हेच करा. कोण कोणाकडून काय मागतं, कोण मागत नाही, परत काय जातं." तुला सांगते, माझा इतका हिरमोड झाला. मी एवढी बी.ए.पर्यंत चढले ती वाट्यांवर लिहायला? पण माइक डोळ्यांसमोर होता, म्हणून हो म्हटलं.

"फक्त एक करा," मॅडम म्हणाल्या. "पहिला महिना नुसतं बघा. कुणाला काही विचारू नका. जमेल ना?"

"न जमायला काय झालं?" मी म्हटलं. मला ओळखणाऱ्या कुणीही त्या वेळी माझ्या बाजूने पैज लावली नसती.

दोन दिवस मी गप्प राहिले. इतकी गप्प, की बाने मला दारातून हाक मारून तब्येतीची चौकशी केली, "बेन, तबियत तो सारी छे ने?" तिसऱ्या दिवशी मला वाटलं, नुसतं बघण्यात वेळ जातोय. वाटी एका दारातून निघते आणि दुसऱ्या दारात शिरते, आत काय आहे ते पदराखाली. कोणती वाटी किती फिरली हे कळायला काहीतरी खूण पाहिजे. तर मी बाजारातून टिकल्यांची पाकिटं आणली. लाल आणि हिरव्या. वाटी मागायला आली की तिच्या बुडाला एक लाल टिकली. कुणाची वाटी मी परत नेऊन दिली की हिरवी. स्टीलच्या वाटीला बुडाशी खोबण असते ना, तिच्यात नीट चिकटवायची. आमचे हे बघत होते. म्हणाले, "आता भांड्यांनाही सौभाग्य देऊन राहिली का?" मी म्हटलं, "याला पद्धत म्हणतात." तेव्हा मी कशालाही पद्धत म्हणायचे.

आणि खुणा झाल्या की प्रश्न हवेतच. परीक्षेचा पुठ्ठा घेतला, त्याला कागद लावला आणि पहिलं दार निवडलं ते शेजारणीचं, म्हटलं, घरचंच आहे. ती तांदूळ निवडत बसली होती. मी तिच्यासमोर उंबऱ्यात बसले, चष्मा लावला आणि विचारलं, "कुटुंबप्रमुखाचं नाव?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "वयनी, तुमाला म्हाईत नाय?"

"माहीत आहे. पण तुम्ही सांगायला हवं."

आता तिचा नवरा तिथेच ओट्यावर बसलेला. त्या काळी आम्ही बायका नवऱ्याचं नाव घेत नव्हतो. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. ती लाजली, सुपात बघत राहिली. मी पेन घेऊन थांबले. शेवटी इतक्या हळू बोलली की मला पुन्हा विचारावं लागलं. नवरा उठून पंपाकडे निघून गेला. मी पुढचा प्रश्न वाचला: "आपण शेजाऱ्यांकडून उसनं मागता ते गरज म्हणून की सवय म्हणून?"

मला तो प्रश्न अजून पाठ आहे बघ. त्यातलं ‘आपण’ तर फारच पाठ आहे. रोज जिला मी अगं-तुगं करते तिला मी एकाएकी आपण म्हणत होते. तिने सूप पाखडायला घेतलं. मी कागदावर लिहिलं, उत्तर दिले नाही. आणि मोठ्या समाधानाने पुढच्या दाराकडे गेले.

पंधरवडा असा गेला. भांडी घासताना बायकांना टिकल्या दिसत होत्या, पण आधी वाटलं पोरींचा खेळ असेल. मग एक दिवस बाने आपली वाटी उलटी धरून उजेडात बघितली. लाल टिकली, वर चिकटून राहिलेलं हळदीचं बोट. तिने ओट्यावर सगळ्यांना बोलावलं. तिचं म्हणणं, कुणीतरी काहीतरी केलंय, भगताला दाखवा. दोघी-तिघींनी तर वाट्या हातातून खालीच ठेवल्या. मी घाईघाईने मधे पडले. म्हटलं, करणी वगैरे काही नाही, हे माझं संशोधन आहे. बाला संशोधन म्हणजे काय ते कळलं नाही. मी गुजरातीत समजावायला गेले आणि माझ्या गुजरातीत ते करणीपेक्षा वाईट वाटलं असावं.

पण बा चुकली होती ते मला परवडलं. शेजारीण चुकली नाही. ती सगळं होईपर्यंत मागे उभी होती. बायका पांगल्यावर आपल्या वाट्या घेऊन आली आणि माझ्या उंबऱ्यावर एकेक उलटी ठेवली.

"वयनी, ह्या लाल कशाच्या?"

"मागायला आली की एक लाल."

"माज्या वाट्यांवर लय हायत."

"मग," मी म्हटलं, आणि काय म्हटलं ते ऐक. "सगळ्या चाळीत तूच पहिली आहेस." अगदी कौतुकाने म्हटलं. वर्गात पहिला नंबर आल्यासारखं.

ती हसली नाही, रागावली नाही. वाट्या उचलल्या आणि भिंतीपलीकडे गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात वाट्यांची चळत. तिच्याकडे राहिलेल्या माझ्या सगळ्या वाट्या. घासलेल्या, फडक्याने पुसून कोरड्या केलेल्या. मी वरची उचलली. रिकामी. दुसरी उचलली. रिकामी. साखरेचा एक दाणा नाही. मी वेड्यासारखी चळत सोडवत बसले, म्हटलं, एखादीत तरी काही असेल. दुपारपर्यंत बाच्या घरून आलेली रिकामी, मधल्या खोलीतून आलेली रिकामी. आणि प्रत्येक घरची बाई आपापली वाटी माझ्या फळीवरून मोजून घेऊन गेली. संध्याकाळी माझ्या फळीवर फक्त माझ्या वाट्या होत्या. किती कमी दिसतात गं आपल्या वाट्या, नुसत्या आपल्याच असल्या की.

मग चाळीत उसनंपासनं बंदच झालं. मी अभ्यासायला घेतलं ते माझ्या डोळ्यांदेखत नाहीसं झालं. बायका हळद संपली तर दुकानात जायच्या, नाहीतर बिनहळदीची भाजी करायच्या. शेजारणीकडे चूल पेटायची वेळ पुढे सरकत चालली होती ते मला भिंतीतून कळत होतं. फुंकणीचा आवाज कधी यायचा, कधी यायचाच नाही. तिच्या नवऱ्याचं काम त्या दिवसांत सुटलेलं. मी स्वतःहून तांदळाची वाटी भरून नेली तर दारातूनच म्हणाली, "हाय, वयनी." नाही म्हणायची तिची पद्धत ती.

मी तिला समजावायला गेले. हे म्हणाले होते, "जाऊ नको, तू समजावते तेव्हा माणूस जास्त रुसते." तरी गेले. तिला सांगितलं की देवाणघेवाण हा समाजाचा पाया आहे, हे असं पुस्तकात लिहिलेलं आहे, यात कुणी लहान नाही, कुणी मोठं नाही. ती ऐकून घेत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "मंग पुस्तकाकडनं मागा." आणि सूप घेऊन आत गेली. इतकं लांब वाक्य ती मला त्या महिन्यात एवढंच बोलली.

मी दोन रविवार तासाला गेले नाही. मॅडमना निरोप धाडला की चाळ सुधारली आहे, आता कुणी कुणाकडे मागत नाही, सबब संशोधन संपले. तिसऱ्या रविवारी मॅडम स्वतः बसने आल्या. मला तर लुगडं कुठलं नेसावं सुचेना. पण त्या ओट्यावरच बसल्या, बसच्या हेलकाव्यांनी तोंड उतरलेलं. मी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी आणि ठेचा करायला घेतला, आमच्याकडचा मानाचा पाहुणचार. म्हणाल्या, "काकू, आज पोटात नुसतं ढवळतंय. दहीभात असला तर दोन घास."

भात होता. दही नव्हतं.

आता तू म्हणशील, दही नसायला काय झालं. तर माझं विरजण नेहमी शेजारणीकडून यायचं. मी दही संपवून टाकायचे आणि तिच्याकडून चमचाभर आणायचे, तिची म्हैस नाही की काही नाही, पण तिचं दही बिघडायचं नाही. मी कधी त्याला उसनं म्हटलंच नव्हतं. तिची नारळ खोवायची विळी माझ्याकडे पडून असायची, तीही मी कुठे लिहिली नव्हती. सगळ्यांच्या वाट्यांना लाल टिकल्या लावल्या, माझी वाटी तेवढी बिचारी कोरी. माझ्या संशोधनात मी फक्त देणारी होते. कागदावर तर अन्नपूर्णाच.

मॅडम भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी रिकामी वाटी घेतली आणि शेजारणीच्या दारात जाऊन उभी राहिले. तिच्यासारखीच, न बोलता. ती चुलीपाशी होती. तिने वाटी बघितली, मग मला बघितलं.

"काय, वयनी?"

"जरा दही."

ती उठली. हात पुसले. शिंक्यातलं दह्याचं भांडं काढलं, झाकण उघडलं आणि तसंच हातात धरून माझ्यासमोर येऊन उंबऱ्यात बसली.

"कुटुंबप्रमुखाचं नाव?"

मी म्हटलं, "अगं."

"म्हाईत हाय मला. पण तुमी सांगायला हवं."

पलीकडे मॅडम ऐकत होत्या. आमच्या खोलीत हे रात्रपाळी करून झोपलेले, पण खोकला आला त्यांना, म्हणजे जागे होते. मी पदर नीट केला आणि नाव घेतलं. उखाणा सुचला नाही, सरळच घेतलं, आडनावासकट. माझे कान तापले बघ.

"आपण शेजाऱ्यांकडून मागता ते गरज म्हणून की सवय म्हणून?" प्रश्न तिला शब्दाशब्दाने पाठ होता. तो म्हणताना तिने आवाजही माझाच काढला, नाकातून.

दोनच पर्याय होते आणि तेही मीच घातलेले. शेवटी म्हटलं, "तुझ्याकडचं दही चांगलं असतं म्हणून."

"असं लिवलेलं नाय तुमच्या कागदावर."

"नाही लिहिलं. चुकलंच."

तिने माझी वाटी घेतली, दही घातलं. चमचाभर नाही, काठोकाठ. मग उठून आरशापाशी गेली. आरशाच्या चौकटीला तिच्या टिकल्या चिकटवलेल्या असायच्या, सगळ्याच बायकांच्या असतात. त्यातली एक लाल काढली, माझ्या वाटीचं बूड हाताने चाचपलं, दही न सांडता टिकली चिकटवली आणि वाटी माझ्या हातात दिली. तेव्हा तिच्या तोंडावर हसू फुटलं, आणि मलाही, आणि भिंतीपलीकडून मॅडमचं.

मॅडम दहीभात जेवल्या. वाटी उचलून खालून बघितली. "ही कोणाची टिकली, काकू?"

"माझी," मी म्हटलं.

त्या संध्याकाळी मी ती वाटी तिच्याकडे नेऊन दिली. भाकरीचा पापुद्रा आणि ठेचा घालून. शेजारणीने घेतली. दुसऱ्या दिवशी तांदूळ मागायला आली, मी दिले, आणि टिकल्यांची उरलेली पाकिटं मी बाच्या नातीला देऊन टाकली. चाळीतल्या बाकीच्या बायका हळूहळू आल्या. बा सगळ्यांत शेवटी. ती पुढे महिनाभर माझी वाटी घ्यायच्या आधी उलटी करून बघायची.

पण संशोधन अजून लिहायचं होतं. मॅडम म्हणाल्या, सुरुवातीच्या पंधरवड्याची माहिती आहे ना, तिचा तक्ता करा. कोणत्या खोलीतून किती मागणी, कोण किती देतं. तक्ता असला की निवड समितीला पटतं. मी केला तक्ता, पट्टीने रेषा मारून. छान दिसत होता. मग तो शेजारणीला दाखवला. या वेळी तेवढी अक्कल आली होती.

"माजं नाव नाय ना?" तिने विचारलं.

"नाव नाही. खोली नंबर आहे फक्त."

"खोली नंबर सगळ्यास्नी म्हाईत हाय." एवढंच म्हणाली आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली. काढ म्हणाली नाही, ठेव म्हणाली नाही. मी तिच्यासमोर बसून राहिले. माइक मला दिसत होता, खोटं कशाला सांगू. स्टेजवरची लुगड्याची निवडसुद्धा झाली होती माझी. तिने सुपातले खडे वेचून ओट्यावर ठेवले, मी ते एकेक करून अंगणात टाकले. सुपातले तांदूळ निवडून संपले तेव्हा मी उठले आणि घरी येऊन तक्त्याचं पान काढून चुलीत घातलं.

मॅडमनी विचारलं, "काकू, तक्ता नाही तर निवड होणार नाही. माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"आणि माइक?"

"मला माइकची गरज नाही, मॅडम. आमच्या ह्यांना विचारा."

निवड विहिरींच्या पाण्यावाल्या मुलीची झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. तिच्या बाटल्या बोलत होत्या. मी पास झाले, काठावर. तपासणाऱ्यांनी शेवटी शेरा मारला होता: ‘लेखिकेला विषयाची जवळून माहिती आहे, परंतु मुद्दा सोडून फार बोलते.’ तो कागद ह्यांनी चाळभर दाखवला. म्हणाले, आता सरकारी शिक्का बसला.

मोठ्या सभेला मी गेले, ऐकायला. शेजारणीला बरोबर नेलं. तिने कधी असा हॉल बघितला नव्हता, मीही नव्हता, पण मी बघितल्यासारखं करत होते. मागच्या रांगेत बसलो. ती पोरगी माइकवर आली आणि दहा-बारा मिनिटांत सगळं नेमकं सांगून खाली उतरली. टाळ्या पडल्या. मी माइककडेच बघत राहिले असेन, कारण शेजारणीने माझ्या दंडाला कोपर लावलं आणि कानात म्हणाली, "बरं झालं वयनी, तुमी माइकवर नव्हत्या. आपल्याला जेवान मिळालं नसतं." मला इतकं हसू आलं की पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी वळून बघितलं. मी तोंडात पदर कोंबला. तिने तिचाही कोंबला. जेवणाची सुट्टी होईपर्यंत आम्ही दोघी तशाच बसून.

चाळ आता नाही, तिथे गोदाम झालंय. ती पलीकडच्या सोसायटीत राहते, तिसऱ्या मजल्यावर, आणि मी तळमजल्यावर, कारण माझे गुडघे तिच्यापेक्षा जास्त बोलतात. रोज सकाळी ती खाली उतरते. तुझ्या आईचा फोन आला तेव्हाही ती शेजारी बसलेली होती. म्हणाली, त्या पोरीला इकडे पाठवा, मी सांगते काय झालेलं ते, तुमी सगळं आपल्या बाजूनं सांगता. आता तिचं सांगून किती मिनिटांत होईल ते मला माहीत आहे, उरलेला वेळ तू मला दे. वासोण्याला सिंह बघायला जाऊ, झोपलेले असतात बहुतेक, पण लांबून दिसतात. परीक्षा संपली की बॅग भर आणि ये. वापीला उतरून फोन कर, हे घ्यायला येतील. लवकर ये गं.